ब्राउझरमधली टपालपेटी : चार लिप्यांचे सोलापूर आणि न वाचता येणारी पत्रे

१/ डॉ. द्वारकानाथ कोटणीस मूळचे सोलापूरचे. जन्म १९१० चा. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच निवर्तले. त्या चार वर्षांत ते आणि त्यांचे घर यांना जोडणारा धागा एकच होता : कागदावरचे पत्र. असे पत्र एकदा घरात आले की ते घराचे होई. ते तारेत ओवले जाई, ट्रंकेत ठेवले जाई, नातवंडांच्या हाती लागे.

२/ आता एक प्रश्न. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत मराठी माणसांनी संगणकावरून एकमेकांना लिहिलेली पत्रे आज कुठे आहेत? याचे उत्तर शोधताना आपण एका विसरल्या गेलेल्या वस्तूपाशी पोहोचतो. ती वस्तू म्हणजे ब्राउझरच्या पोटातच बसवलेली टपालपेटी. हा धागा तिच्या इतिहासाचा आहे. सोलापूरसारख्या चार भाषांच्या शहरात ती काय करू शकत होती आणि काय नाही, याचाही.

३/ आधी दोन तारखा. ९ ऑगस्ट १९९५ रोजी नेटस्केप या अवघ्या सोळा महिन्यांच्या कंपनीचे समभाग अमेरिकेत विक्रीस आले. २८ डॉलरचा समभाग दिवसअखेर ५८.२५ डॉलरवर स्थिरावला. त्यानंतर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. शहरे चार : मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास. सोलापूर त्यांत नव्हते.

४/ तोवर ई-मेल आणि वेब ही दोन वेगळी विश्वे होती. दोन संगणकांमधले पहिले ई-मेल रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये पाठवले. वेबचा पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिला. पत्रासाठी एक सॉफ्टवेअर आणि पाने पाहण्यासाठी दुसरे, अशी ही विभागणी होती. भारतात विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या स्वस्त ‘शेल’ खात्यावर तर चित्रे दिसतच नसत. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे उमटत.

५/ डिसेंबर १९९४ मधील नेटस्केप नॅव्हिगेटरच्या पहिल्या आवृत्तीतून पत्र पाठवता येई, पण आलेले पत्र वाचता येत नसे. म्हणजे टपालपेटीला आत टाकण्याची फट होती, बाहेर काढण्याचे दार नव्हते. दुसऱ्या आवृत्तीत हे दार आले. तिच्या चाचणी प्रती १९९५ च्या उत्तरार्धात निघाल्या आणि १९९६ च्या आरंभी ती पूर्ण झाली. टपालाचा हा भाग जेमी झविन्स्की आणि टेरी वाइसमन यांनी लिहिला.

६/ झविन्स्कींच्या नावे पुढे एक ‘नियम’ रूढ झाला. प्रत्येक सॉफ्टवेअर पत्रे वाचता येऊ लागेपर्यंत फुगत जाते, आणि ज्याला तसे फुगता येत नाही त्याची जागा फुगणारे दुसरे घेते, असा त्याचा आशय. हा विनोद आहे, पण त्यात निरीक्षण आहे. माणसाचा दिवस पत्रव्यवहाराभोवती फिरतो, म्हणून प्रत्येक साधन अखेरीस पत्राकडे ओढले जाते.

७/ ही पेटी चालत कशी होती? सर्व्हर म्हणजे टपाल कार्यालय असे समजा. ‘एसएमटीपी’ नावाच्या नियमाने पत्र तिथे टाकायचे. ‘पॉप’ नावाच्या नियमाने तिथे साठलेली आपली पत्रे उचलून घरी आणायची. सर्व्हरवर जागा थोडी असे. म्हणून पत्रे घरच्या संगणकावर उतरली की तिथली प्रत पुसण्याचीच पद्धत होती. पत्राची एकमेव प्रत मग आपल्या टेबलावरच्या हार्ड डिस्कवर उरे.

८/ छोट्या शहरासाठी ही रचना सोयीची का होती, हे समजण्यासाठी त्या काळचे फोनचे बिल आठवावे लागते. ज्या शहरात इंटरनेटचे केंद्र नसे, तिथल्या ग्राहकाला केंद्र असलेल्या शहराला एसटीडी फोन लावून जोडणी घ्यावी लागे. सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर आणि मुंबई चारशे. ओळ चालू असेपर्यंत मीटर पळत राही. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव होई, म्हणून निकडीची नसलेली कामे रात्रीसाठी राखून ठेवली जात.

९/ अशा वेळी ब्राउझरमधली पेटी पैसे वाचवी. जोडणी घ्यायची, आलेली सारी पत्रे एका दमात उतरवायची आणि फोन ठेवायचा. मग पत्रे निवांत वाचायची, उत्तरे लिहायची आणि ती ‘नंतर पाठवा’ या कप्प्यात रचून ठेवायची. पुन्हा जोडणी घेतली की सगळी उत्तरे एकदम रवाना. तासाभराचा पत्रव्यवहार काही मिनिटांच्या फोनमध्ये उरकता येई. दिवाणजी दिवसभराची पत्रे एकत्र बांधून संध्याकाळच्या टपालात टाकत, त्याच चालीची ही रीत.

१०/ आणि सोलापूरचा पत्रव्यवहार मोठा होता. १८६० मध्ये रेल्वे इथे पोहोचली, १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. पुढे हातमाग आणि यंत्रमागांवर चादर आणि टेरी टॉवेल विणले जाऊ लागले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले. टॉवेलचा परदेशी ग्राहक नमुना मागतो, रंग बदलायला सांगतो, वजन आणि भाव विचारतो. तार, टेलेक्स आणि फॅक्स यांच्यानंतर या संवादाला ई-मेल लाभले. त्यात नक्षीचे चित्रही जोडून धाडता येई.

११/ परदेशी ग्राहकाशी व्यवहार इंग्रजीत, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. अडचण सुरू झाली ती आपल्याच माणसांना लिहिताना. सोलापुरात मराठी आहे. अक्कलकोटच्या बाजूने आलेली आणि शहरात मुरलेली कन्नड आहे. पद्मशाली विणकरांची तेलुगू आहे. उर्दू आहे. एका गल्लीत चार लिप्यांच्या पाट्या दिसतात. नेटस्केपच्या पेटीला मात्र मुळात एकच लिपी सहज येत होती, ती म्हणजे रोमन.

१२/ कारण ई-मेलचा पायाच अमेरिकी होता. जुन्या टपाल नियमांनुसार पत्रात १२८ चिन्हेच चालत : इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि काही आज्ञा. नेथनिएल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये ‘माइम’ हे मानक आणले, तेव्हा इतर लिप्या आणि चित्रे यांना पत्रात शिरायला अधिकृत वाट मिळाली. पण वाट असणे आणि तिच्यावरून देवनागरी चालत येणे यांत दहा वर्षांचे अंतर पडले.

१३/ भारतात उत्तर शोधले जात नव्हते असे नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ मध्ये पक्के झाले. त्यामागचा विचार सोलापूरकराला आपलासा वाटावा असा होता. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला सारखीच, म्हणून ‘क’ ला सर्वांसाठी एकच क्रमांक. तोच क्रमांक देवनागरीत ‘क’ दिसेल, कन्नडमध्ये कन्नड ‘क’ आणि तेलुगूत तेलुगू ‘क’.

१४/ सोलापूरच्या चारपैकी तीन लिप्या अशा एका कुटुंबात बसल्या. चौथी, उर्दू, उजवीकडून डावीकडे चालणारी आणि वेगळ्या मुळाची. ती या योजनेच्या बाहेर राहिली. शेजारी राहणाऱ्या चार भाषांपैकी कोणत्या एका घरात बसवायच्या आणि कोणती बाहेर ठेवायची, हा निर्णय एका तांत्रिक तक्त्यात होऊन गेला होता.

१५/ व्यवहारात मात्र इस्कीपेक्षा फाँटचे राज्य चालले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, शिवाय आकृती. ही सारी मुख्यतः छपाईसाठी होती आणि छापखान्यांत त्यांनी उत्तम काम केले. त्यांची युक्ती साधी होती. संगणकाला वाटे की इंग्रजी चिन्हे लिहिली जात आहेत. पडद्यावर त्या चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे दिसत : एक काना, एक वेलांटी, अर्धा स, मोडका र.

१६/ कागदावर छापायचे तर ही युक्ती निर्धोक. पत्रात पाठवायची तर घातक. ज्याच्या संगणकावर तोच फाँट नाही, त्याला पत्राच्या जागी इंग्रजी अक्षरे, डॉलर, टक्के आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी दिसे. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, त्यामुळे एका फाँटमध्ये जो ‘म’, तो दुसऱ्यात निराळेच काही. संकेतस्थळांनी पानाबरोबरच फाँट उतरवण्याची ‘डायनॅमिक फाँट’ ही सोय वापरून वेळ निभावली. साध्या पत्राला ती सोयही नव्हती.

१७/ म्हणून बहुतेकांनी तिसरा मार्ग धरला : रोमन अक्षरांत मराठी. तो कुठेही वाचता येई. पण रोमन अक्षरांना त आणि ट, द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ यांतला भेद कळत नाही. ‘काल’ आणि ‘काळ’ एकसारखे, ‘माल’ आणि ‘माळ’ एकसारखे. वाचणाऱ्याने संदर्भावरून अर्थ लावायचा. एका पिढीने आईवडिलांना लिहिलेली पत्रे अशी ळ आणि ण गमावून प्रवास करत राहिली.

१८/ मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला ही अवस्था ओळखीची वाटेल. मराठ्यांच्या काळचा कारभार मोडीत लिहिला गेला. हात न उचलता लिहिता यावे म्हणून घडलेली ही वेगाची लिपी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जात होती, नंतर वापरातून गेली. आज दप्तरे शाबूत आहेत, भाषा मराठीच आहे, पण वाचणारे थोडे. जुन्या फाँटमधली ई-पत्रे ही आपल्या काळाची मोडी आहे. फरक इतकाच की तिला दोन-अडीचशे वर्षे लागली नाहीत. दहा वर्षांतच ती वाचेनाशी झाली.

१९/ युनिकोडने हा गुंता सोडवला, पण टप्प्याटप्प्याने. ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूची अरबी लिपी या सर्वांना जागा होती. भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली. तरी क्रमांक मिळाला म्हणून जोडाक्षर जुळत नाही. ‘क्ष’ आणि ‘त्र’ नीट दिसण्यासाठी विंडोजसारख्या प्रणालीला ती अक्षरे जोडायची कला यावी लागते.

२०/ विंडोज २००० मध्ये देवनागरी आली आणि ‘मंगल’ हा फाँट घरोघर पोहोचला. कन्नड आणि तेलुगू त्यानंतर, २००१ च्या विंडोज एक्सपीत आल्या. त्याही आपोआप नाहीत. सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांची सोय आधी बसवून घ्यावी लागे. म्हणजे सोलापूरच्या एकाच गल्लीत मराठी लिहिणाऱ्याला जी सोय मिळाली, ती त्याच्या तेलुगू शेजाऱ्याला पुढच्या विंडोजची वाट पाहून मिळाली. तपशीलही रेंगाळत राहिले. मराठीत रोज लागणाऱ्या ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये.

२१/ आता पुन्हा टपालपेटीकडे. १९९७ च्या नेटस्केप कम्युनिकेटरमध्ये तिचे नाव मेसेंजर झाले. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोररबरोबर आउटलुक एक्स्प्रेस देण्यास सुरुवात केली. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता जगाला खुली करण्याचे जाहीर केले आणि ३१ मार्चला ती खुली केली. वर्षअखेरीस एओएलने कंपनी विकत घेण्याचा करार केला. खुल्या संहितेवर मोझिलाचे काम सुरू राहिले आणि जून २००२ मध्ये त्यांचा ब्राउझर व टपाल यांचा एकत्रित संच पूर्ण झाला.

२२/ तोवर हवा बदलली होती. बेंगळुरूत वाढलेले सबीर भाटिया आणि त्यांचे सहकारी जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले. टपालपेटी ब्राउझरच्या पोटात ठेवण्याऐवजी त्यांनी तिचे वेबवरचे पानच केले. मागोमाग भारतात रेडिफमेल लोकप्रिय झाले. ज्याच्या घरी संगणकच नाही, त्याला हा उपाय जादूसारखा होता. सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने बसायचे, पासवर्ड घालायचा, पत्र वाचायचे आणि उठायचे.

२३/ इथे एक सामाजिक वस्तुस्थिती दडलेली आहे. ब्राउझरमधली टपालपेटी वापरायची तर संगणक स्वतःचा हवा, फोनही स्वतःचा. ती कार्यालयाची, पेढीची, सुस्थितीतल्या घराची वस्तू होती. वेबमेलला ओळखपत्र लागत नव्हते, मालकीही लागत नव्हती. यंत्रमागावर काम करणाऱ्याच्या मुलाला पहिला ई-मेल पत्ता मिळाला तो बहुधा कॅफेतल्या वेबमेलमुळेच. पत्राच्या साठ्यावरचा हक्क गमावून प्रवेशाचा हक्क मिळाला. हा सौदा त्या काळी कुणालाही चुकीचा वाटला नसता.

२४/ १ एप्रिल २००४ रोजी जीमेलने एक जीबी जागा देऊ केली, तेव्हा हॉटमेलच्या फुकट खात्यात २ एमबी मिळत. पत्रे घरी उतरवण्याचे कारणच उरले नाही. त्याच सुमारास मोझिलानेही संच मोडला. ब्राउझर हलका आणि वेगवान हवा, या विचारातून फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि टपालासाठी वेगळे थंडरबर्ड १.० डिसेंबरमध्ये. मार्च २००५ मध्ये एकत्रित संचाचा विकास थांबवल्याचे जाहीर झाले. झविन्स्कींचा नियम पहिल्यांदाच उलटा फिरला.

२५/ काही जणांनी मात्र पेटी सोडली नाही. स्वयंसेवकांनी तोच संच ‘सीमंकी’ नावाने जानेवारी २००६ मध्ये पुन्हा उभा केला. नॉर्वेच्या ऑपेराने २००३ मध्ये आणलेला ‘एम२’ पत्रांना कप्प्यांत कोंबण्याऐवजी शोधून समोर आणी. २०१३ मध्ये ऑपेराने ब्राउझर नव्याने बांधताना टपाल बाहेर काढले. कंपनीचे एक संस्थापक यॉन फॉन टेट्झनर यांनी पुढे विवाल्डी काढला आणि २०२१ पासून त्यात टपालपेटी पुन्हा बसवली.

२६/ मग प्रश्न उरतो तो पत्रांचा. वेबमेलवरची पत्रे कंपनीच्या घरी राहतात आणि तिथे नियम कंपनीचा. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. आजोबा गेले, पासवर्ड कुणाला माहीत नाही, दोन वर्षे उलटली की पत्रव्यवहार संपला. ट्रंकेतल्या पत्राला असा मुदतीचा दिवस नसतो.

२७/ उलट, नेटस्केपच्या पेटीतली पत्रे अजूनही हाती लागू शकतात. ती साध्या मजकुराच्या फायलीत, एकाखाली एक लिहिलेली असत. जुन्या विंडोजवर प्रोग्रॅम फाइल्समध्ये नेटस्केप, त्यात यूजर्स, त्यात वापरणाऱ्याचे नाव आणि त्यात मेल हा फोल्डर. आत ‘इनबॉक्स’ आणि ‘सेंट’ या नावाच्या, पुढे काही शेपूट नसलेल्या फायली. त्या साध्या नोटपॅडमध्येही उघडतात. प्रत मात्र आधी काढावी आणि काम प्रतीवरच करावे. मूळ दस्तऐवजाला हात लावायचा नाही, हा जुना नियम इथेही लागू आहे.

२८/ उघडल्यावर इंग्रजी पत्रे सरळ वाचता येतील. रोमन मराठी थोड्या सवयीने. खिचडी दिसली तर घाबरू नये. ती बहुधा जुन्या फाँटची मराठी असते आणि फाँट ओळखता आला तर तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करता येते. सजावटीच्या पत्रात फाँटचे नाव संहितेतच लिहिलेले सापडते. साध्या पत्रात ते नसते. तिथे तीच माणसे कोणते सॉफ्टवेअर वापरत होती हे घरच्यांना विचारावे लागते. मोडी वाचतानाही लेखनिकाच्या वळणाची आधी ओळख करून घ्यावी लागते.

२९/ वि. का. राजवाडे गावोगाव फिरले, वाड्यांच्या माळ्यावरची दप्तरे धुंडाळली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडाने प्रसिद्ध केली. त्यांना जे मिळाले ते कुणी मुद्दाम इतिहासासाठी ठेवले नव्हते. ते केवळ फेकले गेले नव्हते. उद्याच्या सोलापूरचा इतिहास लिहिणाऱ्याला टॉवेलच्या भावाची घासाघीस, परगावी गेलेल्या मुलाची खुशाली, ळ हरवलेली मराठी, हे सारे लागेल. तेही आज कुठेतरी फेकले न जाण्यावरच अवलंबून आहे.

३०/ तेव्हा घरातला किंवा दुकानातला जुना सीपीयू भंगारात घालण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क काढून ठेवावी. घरच्या मोठ्यांना विचारावे : ‘तुम्ही पहिले ई-मेल कुठून आणि कोणत्या भाषेत लिहिले?’ उत्तर लिहून ठेवावे, तारखेसह. कागदाच्या पत्रांनी हे काम आपोआप केले. या पत्रांसाठी ते कुणाला तरी करावे लागेल, आणि हार्ड डिस्कचे आयुष्य कागदाइतके मोठे नसते.

धागा समाप्त.